प्लगमधली ती जाड पिन

ओट्यावरचा मिक्सर लावताना प्लग कधी नीट बघितलाय? तीन गोल पिना, त्यातली वरची जाड आणि लांब. हा मुळात ब्रिटिश प्लग. 1934 सालच्या बीएस 546 या मानकातला.

गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनने तो सोडला. युद्धानंतर असंख्य घरं बांधायची होती आणि तांब्याची टंचाई. 1942 साली नेमलेल्या समितीत कॅरोलिन हॅसलेट या एकट्याच स्त्री होत्या. घरातले बायकांचे कष्ट विजेने कमी व्हावेत, यासाठी त्या आयुष्यभर झटल्या. लहान मुलाचं बोट आत जाऊ नये म्हणून सॉकेटला झडप हवी, हा त्यांचा आग्रह. 1947 मध्ये चौकोनी पिनांचा प्लग आला, आत फ्यूज असलेला. त्याच वर्षी इंग्रज इथून गेले, गोल पिना मात्र इथेच राहिल्या!

आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. म्हणून ती जाड पिन महत्त्वाची. ती अर्थिंगची. लांब असल्याने आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो तुमच्या अंगातून न जाता तिच्यातून जातो. अर्थात, घरात अर्थिंग धड असेल तर. तरी ती कापून प्लग बसवणारे महाभाग आहेतच.

दुसरं, अँपिअर. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचते. छोटं सॉकेट 6 चं, मोठं 16 चं. कन्व्हर्जन प्लग लावून शेगडी छोट्यावर चालवली, की आधी पिना तापतात, मग सॉकेटचं प्लास्टिक काळं पडायला लागतं.