नामांतराचं दप्तर आणि खुली हत्यारं
२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. त्या साडेपंधरा वर्षांची पत्रकं, फोटो बीड जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांत कुजताहेत. आम्ही ती मोबाइलवर टिपतो, 'जिम्प'मध्ये सरळ करतो, 'इमेजमॅजिक'च्या एका आज्ञेत शेकडो फायलींचा प्रकार बदलतो. इमेजमॅजिक जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्यूपाँ कंपनीत घडवलं, १९९० ला सर्वांना खुलं झालं. जिम्प १९९५ ला बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. फुकटचं म्हणून काही मित्र नाक मुरडतात. दरमहा भाडं मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर चळवळीचं दप्तर ठेवायचं? 'मूकनायक'लाही १९२० साली शाहू महाराजांचे २५०० रुपये लागले होते! डाग मात्र आम्ही प्रतीवरच पुसतो. मूळ फाइलला हात लावत नाही.