उंदीर पडू लागले तेव्हा

मुंबईच्या मांडवी भागात, बंदरालगतच्या धान्याच्या वखारी आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या दाटीच्या चाळी यांच्या सान्निध्यात वैद्यकी करणारे, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांना १८९६ च्या सप्टेंबरात एका ज्वरपीडित रोग्याच्या जांघेतील गाठ चाचपताना जी शंका आली, तिचा उच्चार करावयास त्या काळी विलक्षण मनोधैर्य लागत होते. कारण त्या एका निदानाने बंदराचा व्यापार, गिरण्यांचा माल आणि परमुलखाशी होणारी जहाजांची ये-जा ही सारीच धोक्यात येणार होती. व्हिएगस हे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. त्यांनी हा प्लेगच असल्याचे स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितले, तरी सरकारी दप्तरांतून काही काळ ‘गाठीचा ताप’ अशा सौम्य नावानेच या व्याधीचा उल्लेख होत राहिला. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सें यांनी प्लेगचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले होते. ऑक्टोबरात मुंबईस पोहोचलेल्या जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी तेच जंतू येथील रोग्यांच्या गाठींतील द्रवात पाहिले, आणि डॉक्टरच्या बोटांनी जे आधी जाणले होते त्यास प्रयोगशाळेचा दाखला मिळाला.

रोगाची ओळख पटली होती, तो पसरण्याचा मार्ग मात्र अज्ञात होता, आणि त्या अज्ञानाच्या पोटीच पुढचे सारे अनर्थ जन्मास आले. रोग घाणीत वसतो, जमिनीतून उसळतो आणि माणसाच्या अंगावरून गावोगाव जातो, अशी तज्ज्ञांची धारणा असल्यामुळे सरकारची सारी दृष्टी माणसाच्या देहावर आणि त्याच्या घरावर खिळली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होऊन अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ निरंकुश सत्ता आली. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना रांगेने उभे करून त्यांच्या बगला आणि जांघा तपासण्यात येऊ लागल्या. घरोघर झडत्या सुरू झाल्या. संशयिताची इस्पितळात आणि त्याच्या कुटुंबीयांची छावणीत रवानगी होऊ लागली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावे म्हणून छपरांची कौले काढली गेली, बंबांनी जंतुनाशक पाण्याचे फवारे मारले गेले, आणि मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर तशी अक्षरे रंगविण्यात आली.

ज्या समाजात परक्या पुरुषाची नजर पडू नये म्हणून माजघराची रचना झाली होती, तेथे ही तपासणी म्हणजे केवळ गैरसोय नव्हती. तो अब्रूवरचा घाला होता, आणि तो तसा वाटणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्या तत्कालीन अहवालकारांशी मी सहमत होऊ शकत नाही. १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाह्यांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडसाहेबांच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, हा इतिहास सर्वश्रुतच आहे. त्याच पुण्यात, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने निवर्तल्या, हे त्या झडत्यांच्या हकिगतीबरोबरच आवर्जून सांगितले पाहिजे; कारण रोग्याजवळ आपलेपणाने जाणारे माणूस असले, तर तोच रोगी आपले दुखणे लपवीत नसे. झडतीच्या भयाने लोक आजारी माणसांना दडवू लागले, मृत्यूची कारणे भलतीच सांगू लागले, आणि मुंबईची सुमारे निम्मी वस्ती १८९७ च्या आरंभी शहर सोडून निघून गेली. रोग हुडकण्यासाठी योजलेल्या उपायानेच रोग दृष्टीआड झाला.

आणि या सर्व काळात खरा पुरावा घराच्या जमिनीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडलेला होता. मांडवीच्या वखारींत माणसांच्या आधी उंदीर मेले होते. उंदीर झिंगल्यासारखे बिळाबाहेर येतात, उजेडाची वा माणसाची भीती न बाळगता मरून पडतात, आणि मागोमाग घरात ताप शिरतो, हे निरीक्षण नवे नव्हते. गढवाल-कुमाऊँच्या पहाडांत उंदीर मरू लागताच गाव ओस करून रानात जाण्याची रीत गोऱ्या अधिकाऱ्यांनीच पूर्वी नमूद करून ठेवली होती. त्याही आधी, सतराव्या शतकात, बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात आसफखानाच्या कन्येने सांगितलेला वृत्तान्त लिहून ठेवला आहे : अंगणात एक उंदीर मद्यप्यासारखा झोकांड्या खात आला, मांजरीने तो धरला आणि लागलीच टाकून दिला, ती मांजरी आजारी पडली, आणि मग घरातल्या दासींना गाठी आल्या. महाराष्ट्रातही उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याचा प्रघात त्या वर्षांत सर्वत्र पडला. एवढे सूक्ष्म लक्ष आपल्या परिसराकडे देणाऱ्या लोकांना कोणी विचारले असते, तर कितीतरी वर्षे वाचली असती, असे मला मनःपूर्वक वाटते. उलट, बंबांच्या फवाऱ्यांनी हुसकलेले उंदीर शेजारच्या घरांचा आश्रय घेत आणि रोग तेथे पोहोचवीत.

उंदीर आणि माणूस यांमधला दुवा हुडकला तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. मुंबईत रोगी पाहून झाल्यावर कराचीत, २ जून १८९८ रोजी, त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याच्या वर तारेच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी पाच-सहा दिवसांत दुसराही त्याच रोगाने मेला. सरकारने नेमलेल्या तत्कालीन प्लेग कमिशनने मात्र हे अनुमान जवळजवळ धुडकावून लावले. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमतात हे दाखविले, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नव्या कमिशनने त्या मताची कसून परीक्षा घेतली. खास बांधलेल्या छोट्या गोदामांत पिसवा असल्या तर रोग पसरे. पिसवा नसल्या तर आजारी आणि निरोगी जनावरे एकत्र ठेवूनही पसरत नसे, आईचे दूध पिणारी पिलेसुद्धा सुरक्षित राहत.

याच कमिशनने शहरभरातून गोळा केलेले उंदीर वस्तीच्या नोंदीसह परळला आणून चिरले, आणि एक मोलाची गोष्ट सिद्ध केली : मानेतील गाठ, त्वचेखालची लाली, यकृतावरचे ठिपके आणि छातीत साठलेले पाणी एवढ्या खुणा सरावलेल्या डोळ्यांनी पाहिल्या, तर उंदराचा प्लेग सूक्ष्मदर्शकापेक्षाही अधिक खात्रीने ओळखता येतो. आधी गटारांतला मोठा उंदीर मरतो, सुमारे दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे, हा क्रमही त्यांनी निश्चित केला. माळावर झोपडी घालणाऱ्या शेतकऱ्याच्या जाणिवेला त्यामुळे दिवसांचा हिशेब मिळाला, आणि कोणाच्याही अंगाला हात न लावता साथीची पूर्वसूचना मिळविण्याचा मार्ग खुला झाला.