तळटीप : ‘मुठीच्या तीन तारा’

१. मूळ मजकुरात ‘मुठीच्या तीन तारा कंट्रोलरला जोडाव्यात’ एवढेच वाक्य आहे. ते अपुरे वाटल्याने हा खुलासा.

विजेवरच्या स्कूटरची मूठ मोटरला थेट वीज देत नाही. किती जोर हवा, एवढेच ती मोटरची वीज नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरला कळवते. मुठीत लोहचुंबक आणि हॉल सेन्सर असतो (एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सापडलेल्या परिणामावर तो चालतो). लाल तारेतून सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात, काळी ग्राउंडची, तिसरी, बहुधा हिरवी किंवा पांढरी, सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नल सुमारे ०.८ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ४.२ च्या आसपास. रंगांवर मात्र विसंबू नये; मल्टिमीटरने मोजूनच जोडणी करावी.

सिग्नल शून्यापासून पाचापर्यंत का नाही, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. काळी तार तुटली की सिग्नल ५ व्होल्टच्या जवळ चढू शकतो. साध्या कंट्रोलरला ती पूर्ण पिळलेली मूठ वाटते आणि गाडी आपोआप सुसाट सुटते. म्हणून दोन्ही टोकांना जागा मोकळी ठेवतात. तिथला सिग्नल आला की चांगला कंट्रोलर तो बिघाड समजून मोटर बंद करतो. मोटारींच्या पेडलमध्ये तर दोन सेन्सर असतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले जातात.

लेखकाने सांगितलेले नाही, पण पहिली चाचणी मोटरने फिरणारे चाक जमिनीपासून उचलूनच घ्यावी. — संपादक