ऑइल खाणारं निरोगी इंजिन

कनेरगाव नाका हिंगोली–वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर आहे. या रस्त्यावरचे ट्रक, जीप, ट्रॅक्टर, एसट्या सगळ्यांची इंजिनं पिस्टनची. त्यामुळे इथल्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मिस्त्रीचं ज्ञान पिस्टनवर घडलेलं आहे. इंजिन ऑइल खाऊ लागलं की रिंगा गेल्या, हे निदान तो डोळे मिटून करतो आणि बहुधा ते बरोबरच ठरतं. फेलिक्स वांकेल यांचं रोटरी इंजिन 1957 साली पहिल्यांदा चाललं आणि ही खूण उलटी झाली. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या सीलपट्ट्या दाब धरून ठेवतात. या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून जपानच्या माझदा कंपनीच्या रोटरी गाड्यांत एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो आणि ते जळून जातं. जुनी रोटरी स्पोर्ट्स कार ‘नाजूक’ म्हणून बदनाम झाली, त्यात पिस्टनच्या सवयीने तिला जोखण्याचा मोठा वाटा आहे.

दोष खराच होता, असा आक्षेप येईल. होताच. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने 1967 साली आरओ 80 ही रोटरी गाडी आणली. तिच्या पट्ट्या इतक्या लवकर झिजल्या की वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनीचं कंबरडं मोडलं. पण त्याच वर्षी माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आली. इंजिनाच्या आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना माझदाचे हिरोशिमातले अभियंते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून त्या थांबवल्या. पेट्रोल फार पितं, हा 1973 च्या तेलसंकटानंतरचा आरोप मात्र मान्यच करावा लागतो. तरी तहान वेगळी आणि कमकुवतपणा वेगळा. 1991 साली माझदाच्या 787बी या रोटरी गाडीने ले माँची 24 तासांची शर्यत जिंकली. तिथे जाणकार मिस्त्री हाताशी होते, असं कोणी म्हणेल. माझं म्हणणं तेच आहे.

माझदाच्या जुन्या आरएक्स-7 या रोटरी गाडीचं कॉम्प्रेशन तपासताना नेहमीचा गेज फसवतो. एक पट्टी तुटली की रोटरच्या दोन बाजू जातात, पण गेज तिसऱ्या, चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. म्हणून काट्याचे तीन ठोके वेगवेगळे पाहावे लागतात. थंड इंजिन सुरू करून गाडी जराशी सरकवली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचतं, पट्ट्यांवरचं ऑइल धुऊन जातं, दाब बसत नाही. अशा वेळी इंजिन उघडणं हा अन्याय आहे. पेट्रोल तोडून स्टार्टर फिरवावा, प्लग कोरडे करावेत. जास्त तापणं मात्र या इंजिनाला खरोखरच सोसत नाही. लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे भाग कमीजास्त फुगतात आणि पाण्याची सीलं जातात.

महाराष्ट्रात या इंजिनावर मोलाचं काम झालं ते विमानासाठी. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमानविषयक संशोधन संस्थांसोबत ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वांकेल इंजिन घडवलं. भिंतीची झीज रोखायला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिला. 5 एप्रिल 2009 रोजी कोलारजवळ निशांत हे इंजिन घेऊन उडालं.