सोपारा, अशोक आणि पालीतील मध्यप्रत्यय

वसई तालुक्यातील सोपारा म्हणजे पाली साहित्यातील सुप्पारक. येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाच्या गिरनार येथील पाठात राज्याभिषेकास दहा वर्षे झालेला अशोक संबोधीस गेल्याचे सांगितले आहे. तेथील शब्द 'दसवर्साभिसितो'. त्यातील 'अभिसितो'चा धातू 'सिच्'. पण 'शिंपतो' या अर्थी पालीत 'सिञ्चति' होते. धातूच्या पोटात अनुनासिक शिरते. यालाच मध्यप्रत्यय म्हणतात. पाली व्याकरणकारांनी असे धातू रुधादि गणात घातले.

मराठीतही ही खूण उरली आहे: 'लेप', पण 'लिंपणे'. बौद्ध कंबोडियाच्या ख्मेर भाषेत 'काएत' म्हणजे जन्मणे आणि 'कमनाएत' म्हणजे जन्म. तेथे मध्यप्रत्यय क्रियापदाचे नाम करतो. पालीत तो मुख्यतः वर्तमानकाळादी रूपांत राहतो.

म्हणूनच 'मुञ्चति'तील अनुनासिक 'विमुत्ति'त नाही. अर्थ न जाणता पठण केल्यास हे दोन शब्द परस्परांस परके वाटतात. जाणल्यास 'मुच्' हा एकच धातू दिसतो. ज्ञानाची दारे शतकानुशतके ज्यांना बंद होती, त्या आम्हांस शब्द उघडून पाहण्याचा हा अधिकार मोलाचा वाटतो.