खिशात मावणारी टोपी

सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाची वेळ झाली की जमलेल्यांतले एखादे आजोबा सदऱ्याच्या खिशातून पांढरी चपटी पट्टी काढतात. दोन्ही अंगठे आत सरकवून ती उघडतात, डोक्यावर ठेवतात, हाताने मागेपुढे सारखी करतात. राष्ट्रगीत होऊन चहाच्या टपरीपर्यंत पोचेतो टोपी पुन्हा पट्टी होऊन खिशात गेलेली असते. फेटेवाल्याला हे जमायचं नाही, पगडीवाल्याने तर विचारही करू नये.

कागदाच्या घड्यांवरून कपडे बेतण्याची कल्पना आता जगभर रुळली आहे. ओरिगामी म्हटलं की फॅशनवाले लगेच जपानकडे बोट दाखवतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण सपाट घडी पडावी, हीच मुख्य अट धरून बेतलेलं एक वस्त्र आपल्याकडे शंभर वर्षं डोक्यावर आहे. ते कसं बेतलं गेलं, हे लिहून ठेवणारा माणूसही कुळाने याच मुलखातला.

काका कालेलकरांचा जन्म १८८५ साली साताऱ्यात झाला, पण आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलेलं. पुढे ते गांधीजींच्या आश्रमात गेले आणि गुजरातीत असं लिहू लागले की गांधीजींनीच त्यांना ‘सवाई गुजराती’ ठरवलं. या गांधी टोपीबद्दल गांधीजींशी झालेलं बोलणं त्यांनी आठवणींत नोंदवलं आहे. त्याचा मथितार्थ असा: गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या आणि पागोटी न्याहाळली. उष्ण देशात डोकं झाकायला हवं, पण त्यासाठी वारच्या वार कापड गुंडाळायचं कशाला? काश्मिरी टोपी त्यांना बरी वाटली. हलकी, शिवायला सोपी, आणि घडी करून खिशात किंवा ट्रंकेत ठेवता येणारी. पण ती लोकरीची, म्हणून सुती करायची ठरली. रंग पांढरा, कारण त्यावर घाम आणि मळ दिसतो आणि टोपी धुवावीच लागते. सपाट घडी पडत असल्यामुळे धुणं आणि इस्त्री करणंही सोपं.

या सगळ्यात देश, त्याग, प्रतीक यांचं नावसुद्धा नाही. वजन, शिलाई, घडी, मळ, धुलाई, एवढाच हिशेब. आज डिझाईनच्या वर्गात विद्यार्थ्याने असा कागद मांडला तर मास्तर खूश होतील.

टोपीच्या जन्माचे आणखी दोन दावेदार आहेत. रामपूरच्या नवाबाला भेटायला जाताना डोकं झाकायला हवं म्हणून अली बंधूंच्या आई बी अम्मा यांनी खादीची टोपी करून दिली, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरे अभ्यासक दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात घालावी लागलेली टोपी पुढे करतात. मला कालेलकरांची नोंद जास्त पटते. तुरुंगातल्या टोपीची सवय डोक्याला असेलही, पण तुरुंग कैद्याच्या खिशाची काळजी करत नाही. टोपी खिशात मावावी असं वाटणारा माणूस प्रवासातला असतो, आणि असहकाराच्या त्या दिवसांत गांधीजी सतत आगगाडीत होते.

टोपी हातात घेऊन पाहिली तर तिच्यातली भूमिती दिसते. बाजूंना लांब पट्टी, वर होडीच्या तळासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता माथा. माथ्याच्या मधोमध एक घडी, आत बुडणारी. टोपी मिटली की माथा त्या घडीवर दुमडून दोन भिंतींच्या मध्ये शिरतो आणि भिंती एकमेकींना टेकतात. कागद दुमडणारे वर उठणाऱ्या घडीला डोंगर म्हणतात, खाली जाणारीला दरी. इथे दोन डोंगर आणि मध्ये एक दरी, एवढ्यावर काम भागतं. वर्तमानपत्राची टोपी करणाऱ्या पोरालाही हे हाताने कळतं, फक्त त्याच्या टोपीला शिवण नसते.

शिवण असली तरी कापड कागदासारखं वागत नाही. नुसती धुतलेली खादीची टोपी डोक्यावर मान टाकते. तिला घडी लक्षात ठेवायला लावते ती खळ. तांदळाची पेज रोजच्या जेवणात असलेल्या या मुलखात खळीला वेगळं काही आणावं लागत नाही. पेज गाळून पातळ करायची, टोपी त्यात बुडवून पिळायची आणि अर्धवट वाळू द्यायची. पुरती वाळली की उशीर झाला. दमट असतानाच ती पाटावर पसरून मधली दरी बोटाने आत दाबायची, कडा ताणून जुळवायच्या आणि वर इस्त्री फिरवायची. इस्त्री नसेल तर रात्रभर गादीखाली. मग टोकं अशी उभी राहतात की टिचकी मारली तर आवाज यावा. पावसाळ्यात मात्र सगळा खटाटोप फुकट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथली हवाच खळ पिऊन टाकते, आणि आषाढात कुडाळच्या बाजारात दिसणाऱ्या टोप्या बहुतेक पडलेल्याच असतात.

या खळीपाशी इतिहास थोडा उलटा फिरतो. घडीची कला कागदाकडून कापडाकडे आली असं आपण धरून चालतो. पण युरोपात सतराव्या शतकात पादुआच्या माटिया गीगरने सचित्र ग्रंथ छापला तो जेवणाच्या टेबलावरचे रुमाल दुमडून जहाजं नि पक्षी करण्याचा, आणि ते रुमाल खळीचेच. जपानात निव्वळ करमणुकीच्या कागदघड्यांचं सर्वांत जुनं मानलं जाणारं पुस्तक आलं १७९७ साली, हजार क्रौंचांचं. म्हणजे युरोपापुरतं तरी कापडाने कागदाचं सोंग आधी घेतलं होतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने बालवाडीत कागदाची घडी आणली. त्या बालवाडीच्या साहित्यावरून स्फुरण घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदघडीतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं, त्याची पुढे युरोपातल्या गणितज्ञांनीही दखल घेतली. डिझाईनमध्ये घडी शिरली ती जर्मनीच्या बाउहाउस शाळेतून. योझेफ आल्बर्स तिथे १९२० च्या दशकात पहिल्या वर्षाच्या मुलांना नुसता कागद देत आणि काहीही वाया न घालवता, शक्यतो डिंक न वापरता वस्तू उभी करायला सांगत. त्याच दशकात इकडे साबरमतीला सूत, वार आणि टोपी यांची काटकसर चालली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

कागदाची घडी जशीच्या तशी अंगावर आली ती जपानी डिझायनर इस्से मियाकेंमुळे. १९९३ साली बाजारात आलेल्या त्यांच्या चुण्यांच्या कपड्यांत वस्त्र आधी मापापेक्षा कितीतरी मोठं शिवलं जातं, मग दोन कागदांच्या मध्ये ठेवून यंत्रातून जातं. उष्णतेने पॉलिएस्टरमध्ये चुणी कायमची बसते. पेज नको, पावसाची भीती नको. २०१० साली त्यांनी ‘१३२ ५.’ ही मालिका काढली. त्सुकुबा विद्यापीठाच्या जून मितानींनी एकाच कागदातून त्रिमिती आकार दुमडण्यासाठी लिहिलेलं संगणकीय तंत्र त्यामागे होतं. कापड जुन्या पॉलिएस्टरपासून पुन्हा केलेलं. जमिनीवर ठेवला तर तो झगा चांदणीसारखा सपाट बहुकोन असतो, मधून धरून वर उचलला की घागरा किंवा अंगरखा होतो. चांगल्या संग्रहालयांनी तो जपावाच, पण पॉलिएस्टरची घडी मला जरा निर्जीव वाटते. ती मोडतच नाही, त्यामुळे ती पुन्हा घालण्याचं कामही कुणाला उरत नाही.

खुद्द गांधीजींनी ही टोपी फार काळ घातली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपीही सुटली. बाकीच्यांनी मात्र ती उचलून धरली. मे १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह झाला तोवर ती सरकारी डोळ्यांत चांगलीच खुपू लागली होती. कचेऱ्यांतून, कोर्टांतून तिच्यावर आक्षेप घेतले गेले. पटकन खिशात घालता येणारी टोपी डोक्यावरच ठेवायची, हा प्रत्येकाला दर वेळी नव्याने घ्यावा लागणारा निर्णय होता. पगडीवाल्याला ती पळवाट नव्हती, म्हणून ती परीक्षाही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ती पुढाऱ्यांची, वारकऱ्यांची, मुंबईच्या डबेवाल्यांची झाली. २०११ साली अण्णा हजारेंच्या उपोषणात तिच्या दोन सपाट भिंतींवर अक्षरं आली, पुढच्या वर्षी निघालेल्या आम आदमी पक्षाने तीच रीत उचलली, आणि आता निवडणूक आली की जवळपास प्रत्येक पक्षाची आपापल्या रंगातली, छापील टोपी असते. फेट्यावर घोषणा छापता येत नाही, पगडीवर तर नाहीच. टोपीला मात्र घडीमुळे कागदासारखी दोन कोरी पानं आयतीच मिळालेली. शिवाय मिटलेल्या शंभर टोप्यांचा गठ्ठा सुतळीने बांधला की मोटारसायकलच्या मागे बसतो, आणि सभेच्या मैदानावर कार्यकर्ता तो सोडून वरून एकेक टोपी सुटी करत वाटत जातो.