मोत्सार्ट बलून पाहायला गेला नाही, तुम्ही चला

बुधवार, ६ जुलै १७९१. तुम्ही व्हिएन्नात आहात, ग्राबेनच्या चौकात, आणि तुमचे बूट सकाळीच पांढरे झालेत. उन्हाळ्यात या शहराची पहिली ओळख होते ती धुळीशी. तटाच्या आतल्या गल्ल्यांना दगडी फरसबंदी आहे, पण तटाबाहेरचं मैदान आणि त्यापलीकडची उपनगरं कोरडी ठणठणीत. चार दिवस पाऊस पडला नाही की वारा तिथली माती उचलतो आणि थेट बड्या लोकांच्या विगांवर आणून टाकतो. विगांना पांढरी पावडर लावलेलीच असते, त्यामुळे कुणाच्या फारसं लक्षात येत नसावं.

व्हिएन्ना म्हटल्यावर तुमच्या मनात जे जे येतं, त्यातलं बरंचसं इथे अजून नाही. थोरला योहान श्ट्राउस जन्माला यायचाय १८०४ मध्ये. साखरटोर्ट हा प्रसिद्ध चॉकलेट केक १८३२चा. रिंगश्ट्रासेचा रुंद रस्ता शोधू नका. त्याच्या जागी भक्कम तट उभा आहे आणि तो पाडायचा हुकूम १८५७ साली निघेल. दोन लाखांहून जास्त वस्तीच्या या राजधानीचं मूळ शहर तटाच्या आत, उंच घरांच्या अरुंद गल्ल्यांत कोंबलेलं आहे. जुलैत त्या घरांतल्या प्रत्येकाला एकच ध्यास असतो, बाहेर पडायचा.

आज तर घाईच आहे. ज्याँ-पिएर ब्लांशार नावाचा फ्रेंच माणूस प्राटरमधून बलूनमध्ये बसून आकाशात जाणार आहे. १७८५ मध्ये यानं बलूनमधून इंग्लिश खाडी ओलांडली, म्हणजे माणूस लेचापेचा नाही. पण व्हिएन्नाचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. या वर्षात दोनदा त्यानं गर्दी जमवली आणि दोन्ही वेळा बलून काही उडालं नाही. आज तिसरी खेप. शिव्यांची तयारी ठेवूनच लोक निघालेत.

त्याआधी कॉफी. ग्राबेनच्या मागच्या एका बोळात क्रामरचं कॉफीघर आहे. उजेड बेताचा, धूर भरपूर. पण लोक येतात ते वर्तमानपत्रांसाठी. एका कपाच्या पैशात देशोदेशीची पत्रं वाचता येतात. ‘वीनर त्साइटुंग’ बुधवारी आणि शनिवारी निघतं, म्हणजे आज ताजा अंक. टेबलाटेबलांवर विषय एकच, फ्रान्सचा राजा. २० जूनच्या रात्री सोळावा लुई बायकामुलांना घेऊन पॅरिसहून पळाला आणि दुसऱ्या रात्री व्हारेन गावात पकडला गेला. त्याची राणी मारी आंत्वानेत ही या शहराची लेक, सम्राट लिओपोल्डची धाकटी बहीण. सम्राट गावात नाही. तो इटलीत, पाडुआला आहे, आणि फ्रान्सच्या राजघराण्यासाठी सगळ्यांनी एक व्हावं म्हणून युरोपातल्या राजांना आजच पत्रं लिहितो आहे. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाला हे ठाऊक नाही. पुढच्या वर्षी युद्ध होईल, त्याच्या पुढच्या वर्षी राजाराणीची मुंडकी उडतील, हेही ठाऊक नाही. तुम्हाला आहे. गप्प बसा, कॉफी संपवा.

रोटेनटुर्मच्या वेशीतून बाहेर पडलं की डॅन्यूबचा फाटा लागतो. पुलापलीकडे लिओपोल्डस्टाट. तिथे रस्ते फुटतात. एक आउगार्टनकडे जातो, दुसरा, झाडांच्या ओळीतून जाणारा, प्राटरकडे. गर्दी प्राटरकडे वळते आहे. तुम्ही मात्र पाच मिनिटं आउगार्टनच्या वेशीशी थांबा, कारण आजच्या सगळ्या मौजेचं मूळ त्या दगडात कोरलेलं आहे. ही सर्व माणसांना अर्पण केलेली रमण्याची जागा आहे, असं वेशीवर लिहिलंय, आणि अर्पण करणाऱ्यानं स्वतःला सम्राट न म्हणता माणसांची कदर करणारा एवढंच म्हटलंय. हे आधीच्या सम्राटाचं, योझेफ दुसऱ्याचं काम, साल १७७५. त्याआधी १७६६ मध्ये त्यानं राजघराण्याचं शिकारीचं रान, म्हणजेच प्राटर, लोकांना खुलं केलं होतं. शोनब्रुन राजवाड्याची बाग १७७९ मध्ये उघडली. बड्या घरच्यांनी नाकं मुरडली, साध्या लोकांच्या गर्दीत आम्ही फिरायचं कसं म्हणून. त्यावर योझेफ म्हणाला म्हणे, की मला फक्त माझ्या बरोबरीच्या लोकांत फिरायचं असतं तर कापुचिनरच्या तळघरातच जाऊन बसावं लागलं असतं. त्या तळघरात त्याच्या घराण्यातल्या मृतांच्या शवपेट्या आहेत. गोष्ट खरी असो नसो, शहराला ती आवडते.

‘सर्व माणसं’ यात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे नव्हते. ज्यूंना सणावारी दुपारपूर्वी घराबाहेर पडायची आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागी जायची बंदी होती. ती उठली जानेवारी १७८२च्या फर्मानानं. दगडावरचा मजकूर खरा व्हायला सात वर्षं लागली.

त्याच १७८२ च्या मे महिन्यात इथे, याच बागेत, मोत्सार्टची मैफल झाली. तेव्हा तो नवखा होता, व्हिएन्नात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. आता पस्तिशीचा आहे, कर्जात आहे, आणि आज सकाळी घरीच आहे. त्याच्याकडे येऊच.

प्राटर. मधोमध हाउप्टअली, चार किलोमीटरहून लांब, नाकासमोर सरळ, दोन्ही बाजूंनी चेस्टनटची झाडं. एरवी इथे बग्ग्यांची रांग असते. उन्हाळ्यात बरेचसे सरदार आपापल्या जहागिरीवर निघून जातात, म्हणून सध्या ही सावली खऱ्या अर्थानं शिंप्यांची, कारकुनांची, मोलकरणींची आहे. कडेला कॉफीवाले आणि भटारखाने. योझेफनं रान उघडलं तेव्हा त्यांनाही दुकानं मांडायची मुभा दिली होती. झाडाखालचं बाक धरून मागवा: अंड्यात आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली कोंबडी, सॉसेज, सेमेलचा गोल पाव, बिअर. पलीकडे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालू आहे, त्यातला नाक मोठा असलेला विदूषक बायकोचा मार खातो आहे आणि पोरं खिदळत आहेत.

आणि मग मैदानाच्या बाजूनं आरडाओरडा. तुम्ही मान वर करता. रेशमी गोळा झाडांच्या शेंड्यांवर आलाय, खाली टांगलेल्या पाळण्यात माणूस. क्षणभर कुणी काहीच बोलत नाही. एवढ्या मोठ्या गर्दीनं तोंड उघडं ठेवून गप्प राहणं हेच मुळात ऐकण्यासारखं आहे. नंतर टोप्या उडतात. काल ज्याला भामटा म्हणत होते त्याच्या नावाचा जयघोष. गोळा पूर्वेकडे सरकत बारीक होत जातो. तो उतरेल ग्रोस-एन्त्सर्सडोर्फ गावाशी. व्हिएन्नाच्या लोकांना बलून नवं नाही. इथला आतषबाजीवाला योहान गेओर्ग श्टुवर यानं १७८४ मध्येच, याच प्राटरमधून, दोरानं बांधलेल्या बलूनमध्ये माणसं वर नेली होती. पण बांधलेलं ते बांधलेलं.

श्टुवरचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. प्राटरमधली त्याची दारूकामं म्हणजे नुसते बाण-भुईनळे नव्हेत. लाकडी सांगाड्यांवर तो किल्ले आणि देवळं आगीत उभी करतो, प्रत्येक खेळाला नाव असतं, कथानक असतं. गटेच्या कादंबरीतले वेर्थर आणि लोटे यांची परलोकातली भेट त्यानं दारूकामात दाखवली होती. जाहिरात महिनाभर, तिकीट आगाऊ, आणि ऐन संध्याकाळी पाऊस. श्टुवर आणि पाऊस यांचं वैर हा शहराचा आवडता विनोद आहे.

आता मोत्सार्ट. तटाच्या आत, राउहेनश्टाइनगासेतल्या घरी, तो बायकोला पत्र लिहितो आहे. कॉन्स्टान्झ दक्षिणेला बाडेनमध्ये आहे, गंधकाच्या झऱ्यांवर, दिवस भरत आलेत. २६ जुलैला मुलगा होईल. ब्लांशार एक तर आज उडेल नाही तर व्हिएन्नाला तिसऱ्यांदा मूर्ख बनवेल, असं त्यानं तिला कळवलंय. आणि नंतर, उड्डाण झाल्यावर, बलून पाहायला आपण गेलोच नाही, एक तर ते कसं असेल याची कल्पना करता येते आणि दुसरं, या वेळीही काही होणार नाही असं वाटलं होतं. पण आता लोक आनंदानं वेडे झालेत, आणि इतके दिवस शिव्या देत होते तितकीच स्तुती करत आहेत. मला हे पत्र फार आवडतं. शहर रिकामं होऊन नदीपलीकडे धावलं आणि ज्याची कल्पनाशक्ती आज जग वाखाणतं तो माणूस, कल्पना करता येते, म्हणून घरी बसला. आळसही असेल. शिवाय काम होतं. वीडेन उपनगरातल्या थिएटरसाठी शिकानेडरनं लिहिलेल्या ‘जादूची बासरी’ या ऑपेराला तो चाली देत होता. ती ३० सप्टेंबरला रंगमंचावर येईल. तुम्ही त्याच्या खिडकीखालून जाऊ शकता. दार मात्र वाजवू नका.

दुपारचं ऊन टाळायला लोक काय करतात? सोय असेल तर नदीवर. फेरो नावाच्या डॉक्टरनं १७८१ पासून डॅन्यूबच्या गार पाण्यात औषधी स्नानाची व्यवस्था केलीय. थंड पाण्यात अंग बुडवणं अजून करमणुकीपेक्षा उपचारच समजला जातो. इतरांसाठी लिंबू सरबताचे तंबू. ग्राबेनवर आणि तटाच्या बुरुजांवर ते उभे असतात: इटलीहून आलेल्या लिंबांचं सरबत, बदामाचं दूध, आणि हिवाळ्यात तळघरात साठवलेल्या बर्फावर गोठवलेलं आइस्क्रीम. तटावर आता तोफांपेक्षा फिरणाऱ्यांची गर्दी जास्त. शत्रू येईनासा झाला की तटबंदीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

सगळीच मौज सभ्य नाही. वाइसगेर्बर उपनगरात १७५५ पासून एक लाकडी, गोल प्रेक्षागृह आहे, तीन हजार माणसं बसतील एवढं. रविवारी आणि सुट्टीला तिथे अस्वलं, बैल आणि रानडुकरं यांच्यावर कुत्रे सोडतात. मोत्सार्टच्या मैफलीला जाणारे आणि तिथे जाणारे लोक वेगळे होते, असं समजून स्वतःची समजूत घालू नका. १ सप्टेंबर १७९६ ला ते जळून खाक होईल आणि पुन्हा बांधलं जाणार नाही. बरं होईल.

संध्याकाळी परतताना लिओपोल्डस्टाटच्या थिएटरवरून जा. मारिनेल्लीनं १७८१ मध्ये काढलेलं हे थिएटर कास्पेर्लचं घर आहे. कास्पेर्ल म्हणजे भित्रा, खादाड, हजरजबाबी नोकर, आणि तो रंगवणारा योहान ला रोश रंगमंचावर यायच्या आधी पडद्याआडून नुसता ओरडला तरी गॅलरी लोळते. गेल्याच महिन्यात, ८ जूनला, ‘बासून वाजवणारा कास्पर’ हे गाण्यांचं नाटक इथे लागलं आणि शहर त्यावर तुटून पडलंय. मोत्सार्ट तीन दिवसांत पाहून आला. त्याचं मत: गोंगाट खूप, आत काही नाही. जादूचं वाद्य आणि परीकथेचा माल यात होता तसा त्याच्या ‘जादूच्या बासरी’तही होता, तेव्हा हे मत अगदी निःस्वार्थी मानायचं कारण नाही. गर्दीला त्याच्या मताशी देणंघेणं नव्हतं.

दमला नसाल तर उपनगरांच्या बाहेर नुसडोर्फ किंवा ग्रिनत्सिंगला भाड्याची गाडी करा. १७ ऑगस्ट १७८४ च्या हुकुमानं प्रत्येकाला आपल्या मळ्यातली वाइन आणि घरचं अन्न विकायची परवानगी मिळाली, तेव्हापासून द्राक्षमळेवाले दारावर हिरवी डहाळी टांगतात. डहाळी दिसली की आत शिरायचं, अंगणातल्या बाकावर बसायचं. योझेफ गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारला. हंगेरीतल्या त्याच्या बहुतेक सुधारणा त्याला मरणापूर्वी स्वतःच मागे घ्याव्या लागल्या, त्याच्या इतर हुकुमांवरही लोक वैतागलेले होते. पण बाग, रान आणि वाइन यांचे हुकूम मागे घ्या, असं कुणी म्हटलं नाही. राज्यकर्त्याचं कुठलं काम टिकतं याचा हा एक हिशोब आहे, इतिहासाच्या पुस्तकांत तो सहसा मांडत नाहीत.

उशिरा तटाच्या आत परत या, कारण उन्हाळ्याची खरी चैन रात्री आहे आणि ती फुकट आहे. हवा बरी असेल तर जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीखाली वादक उभे राहतात. एखादा गिटारवाला प्रियकर नव्हे. सहा-आठ जणांचा वायुवाद्यांचा ताफा, कधी अख्खा वाद्यवृंद, आणि वाजवायला ऑपेरातल्या चौकड्यांपासून सिंफनीपर्यंत काहीही. कुणाच्या तरी नामदिनाची पूर्वसंध्या असते, कुणीतरी पैसे मोजलेले असतात, ऐकतो मात्र सगळा मोहल्ला. सर्वांत मोठी धमाल २५ जुलैला, सेंट ॲनच्या सणाच्या आदल्या रात्री, कारण या शहरात आन्ना नावाच्या बायका अगणित. खिडक्या उघडतात, रात्रीच्या टोप्या घातलेली डोकी बाहेर येतात, घरी निघालेले लोक थांबतात. वाजवणं संपलं की टाळ्या, आणि वादक दुसऱ्या गल्लीत निघाले की निम्मी गर्दी त्यांच्या मागे. तुम्हीही जा. सूर ओळखीचा वाटला तर मोत्सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेरातला असायची शक्यता बरीच.

एवढं फिरलात, पैसे किती लागले? कॉफी, कोंबडी, सरबत, गाडी. बाकी बाग, रान, तट आणि रात्रीचं संगीत, एक क्रॉइत्सरही नाही.

आपल्याकडून युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांना व्हिएन्ना बहुधा दीड दिवस मिळतं. कॅथीड्रलसमोर विग घातलेली मुलं मोत्सार्टच्या नावानं मैफलीची तिकिटं विकतात आणि आपण घेतोही. घ्या, हरकत नाही. पण सकाळी लवकर उठून आउगार्टनच्या वेशीवरचा तो मजकूर पाहून या आणि मग हाउप्टअलीवर चेस्टनटच्या सावलीत तासभर चाला. दोन्हींकडे आजही तिकीट नाही.